कानाने खेळायचा खेळ

राळेगावच्या बसस्थानकावर वडकीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या पोट्ट्यांच्या घोळक्यात डोकावलं, तर एखाद्या मोबाइलवर एक इवलासा चौकोन उजवीकडे धावताना दिसतो. पडद्यावर बोट टेकवलं की तो उडी मारतो. बाकी त्याला काही येत नाही. काटा लागला की फटकन फुटतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत लेव्हल पुन्हा पहिल्यापासून सुरू. नवख्याची तीच ती उडी पाच-सात वेळा चुकली की शेजारचा वैतागून सांगतो, ‘डोयानं नोको खेयू बे, कानानं खेय!’ एवढ्या एका सल्ल्यात या खेळाचं निम्मं मर्म येतं.

खेळाचं नाव जॉमेट्री डॅश. स्वीडनच्या रॉबर्ट टोपाला याने तो जवळजवळ एकट्याने बनवला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये मोबाइलवर आणला. तालावर खेळायच्या खेळांचं घराणं मात्र जुनं आहे. जपानच्या मासाया मात्सुउरा यांचा ‘पाराप्पा द रॅपर’ १९९६ चा. त्यांच्याच १९९९ च्या ‘व्हिब-रिबन’मध्ये तर आपल्या घरातली गाण्याची सीडी घातली की त्या गाण्यातूनच रस्ता आणि अडथळे तयार व्हायचे. पुढे २००९ मध्ये ‘द इम्पॉसिबल गेम’ आला. धावता चौकोन, काटे, गाणं आणि एकच बोट ही मांडणी त्यातही होती. टोपालाने तिच्यावर रंग चढवला.

आता कानाचं काम कुठे येतं ते पाहू. एखादी गोष्ट दिसल्यावर बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. हा चौकोन नेहमीच्या वेगात सेकंदाला सुमारे दहा घरं कापतो. म्हणजे ‘आता उडी’ असं मनात येऊन बोट टेकेपर्यंत तो अडीच घरं पुढे गेलेला असतो. सुटा काटा डोळ्याच्या भरवशावर पार होतो. पण ‘स्टिरिओ मॅडनेस’ या पहिल्याच लेव्हलच्या उत्तरार्धात तीन काटे एकाला एक लागून येतात. उडी जरा लवकर घेतली तर तिसऱ्यावर पडायचं, जरा उशीर झाला तर पहिल्यावरच. तिथे दिसल्यावर हलणारं बोट कामाचं नाही, आधीच निघालेलं बोट लागतं. ते काढून देतं गाणं. मिनिटाला १२० ठोके असतील तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका. हे अंतर कानात बसलं की पुढचा ठोका पडायच्या आधीच ठाऊक असतो. राष्ट्रसंतांच्या भजनांना खंजिरीची साथ करणारा शब्द ऐकून मग थाप मारत नाही. त्याची थाप शब्दाच्या जोडीनेच पडते. चांगल्या लेव्हलमध्ये काटे नेमके असे ठोक्यांवर मांडलेले असतात. त्यामुळे उडी साधली की आपण नुसते वाचलो असं वाटत नाही, गाण्यात आपलाही हात लागला असं वाटतं. माझ्या मते गंमत आहे ती इथे.

पण हे जमायला शेकडो वेळा मरावं लागतं, त्याचं काय? ‘सबवे सर्फर्स’ घ्या. त्यात समोर काय येईल याचा नेम नाही, आणि रस्त्याला शेवटही नाही. कितीही चांगलं खेळा, शेवटी आपटायचंच. जॉमेट्री डॅशमध्ये प्रत्येक काटा कालही तिथेच होता आणि उद्याही तिथेच असणार. नशिबाला बोल लावायची सोयच नाही. चूक आपली, म्हणजे दुरुस्तीही आपल्या हातात. शिवाय मरण स्वस्त. ‘पुन्हा खेळायचं का?’ असं विचारणारी पाटी मध्ये येत नाही, राग डोक्यात चढायच्या आत चौकोन निघालेला असतो. वर टक्के दिसत असतात. काल ४३ वर फुटला, आज ५१ वर, हेही मिळकतीतच धरलं जातं. हरायला कोणालाच आवडत नाही, तरी हरवणारे खेळ माणूस स्वतःहून का खेळतो, या कोड्यावर डेन्मार्कचे अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१३ मध्ये ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ नावाचं पुस्तकच लिहिलं. फुकट मिळणाऱ्या लाइट आवृत्तीत मध्येच जाहिरात उगवते तेव्हा चीड का येते, हेही या झटपट पुन्हा सुरू होण्यावरून कळतं. वाया गेलेल्या सेकंदांपेक्षा तुटलेली लय जास्त टोचते.

एक दोष मात्र सांगायलाच हवा. सरावाच्या सोयीत हव्या त्या ठिकाणी हिरवी खूण ठेवून तिथून पुन्हा सुरुवात करता येते. पण मूळ रचनेत सराव करताना त्या लेव्हलचं गाणं बंद होऊन भलतंच संथ गाणं वाजू लागतं. ज्याच्या आधाराने शिकायचं तेच काढून घेतलं, मग पोरं सरावाला कंटाळतात यात नवल ते काय! डिसेंबर २०२३ च्या मोठ्या सुधारणेसाठी खेळाडूंनी जवळपास सात वर्षं वाट पाहिली, ती असल्या कुरकुरी मनात ठेवूनच.

खेळाडूंनी रचलेल्या लेव्हल हा या खेळाचा आणखी एक मोठा संसार. त्यातला एक नियम मला फार आवडतो: आपली लेव्हल जगासाठी खुली करायची तर आधी ती स्वतः पूर्ण खेळून दाखवावी लागते. ‘ब्लडबाथ’सारखी भयंकर लेव्हलही २०१५ मध्ये रायट या टोपणनावाच्या खेळाडूने अशी पार करून दाखवली, मगच ती इतरांच्या हाती आली. पेपर काढणाऱ्याने तो आधी स्वतः सोडवावा, असा नियम आणखी कितीतरी ठिकाणी चालला असता.

घरचं पोर खेळत असेल, किंवा स्वतःलाच हात घालून पाहायचा असेल, तर सुरुवात ‘स्टिरिओ मॅडनेस’पासूनच करावी. मूळ लेव्हल नेट नसतानाही चालतात, म्हणून रेंज गेली तरी अडत नाही. बॅटरी वाचवायची सोय बंद ठेवा, कारण तिच्यामुळे काही फोनवर चित्र अडखळतं. आणि इअरफोन वायरवालाच घ्या. स्वस्तातल्या ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशिरा पोहोचतो. गाणं पाहताना ते कळतही नाही, पण इथे तेवढ्यात चौकोन एक-दोन घरं पुढे गेलेला असतो, आणि तालात पक्का असलेला पोरगाही पहिल्याच काट्यावर फुटतो.