सेवक नेतृत्व : शिक्षकांच्या नजरेतून मुख्याध्यापक

सेवक नेतृत्वाची कल्पना शाळांकडे आली ती उद्योगजगतातून. अमेरिकेतील ‘एटी अँड टी’ या दूरध्वनी कंपनीतून १९६४ मध्ये निवृत्त झालेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये ती एका निबंधात मांडली. नेता आधी सेवक असतो आणि त्याची पारख हाताखालच्या माणसांवरून होते : ती वाढतात का, अधिक शहाणी आणि स्वतंत्र होतात का, हा ग्रीनलीफ यांचा निकष होता.

शालेय प्रशासनात या विचाराला भक्कम बैठक दिली थॉमस सर्जिओव्हानी यांनी. १९९२ च्या ‘मॉरल लीडरशिप’ या ग्रंथात त्यांनी मुख्याध्यापकाचा अधिकार हुद्द्यावरून काढून शाळेने मिळून मानलेल्या मूल्यांवर उभा केला.

पुढचा टप्पा मोजमापाचा. जेम्स लाउब यांनी १९९९ मध्ये प्रश्नावली तयार केली. माणसांची कदर, त्यांचा विकास, आपलेपणा, प्रामाणिकपणा, दिशादर्शन आणि अधिकारांची वाटणी हे तिचे सहा पैलू. तीच विधाने नेत्यांपुढेही ठेवली जातात आणि कर्मचाऱ्यांपुढेही. त्यामुळे मुख्याध्यापकाची स्वतःविषयीची समजूत आणि शिक्षकांचा अनुभव यांतली तफावत उघड होते. २००६ मध्ये बार्बुटो आणि व्हीलर यांनी, तर २००८ मध्ये लिडेन व सहकाऱ्यांनी आणखी मापनश्रेणी दिल्या.

शिक्षकांना मुख्याध्यापकाची सेवा रोजच्या कामात दिसते. वेळापत्रक लावण्याआधी त्यांना विचारले जाते. संतापलेल्या पालकाला मुख्याध्यापक आधी स्वतः सामोरे जातात. नवख्या शिक्षकाचा तास पाहिल्यावर शेरा मारून न थांबता त्याच्याशेजारी बसून पाठटाचण सुधारून देतात.

अमेरिकेत २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणिताच्या चाचण्या सक्तीच्या केल्या. वरून निकालांचा तगादा आणि खाली थकलेले शिक्षक, अशा कात्रीत मुख्याध्यापक सापडले. याच काळात शाळांतील सेवक नेतृत्वावरील प्रबंध वाढले. मुख्याध्यापकात सेवकवृत्ती जाणवते तिथे शिक्षकांचा विश्वास आणि कामातले समाधानही अधिक असते, असे त्यांतून वारंवार दिसले. विद्यार्थ्यांच्या गुणांशी मात्र इतका स्पष्ट संबंध आढळला नाही.

या अभ्यासांना मर्यादाही आहेत. मुख्याध्यापकाविषयीचे मत आणि स्वतःचे समाधान, दोन्ही एकच शिक्षक एकाच वेळी नोंदवतो. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरत नाही. त्यासाठी एकाच शाळेचा वर्षानुवर्षे पाठपुरावा हवा. तरीही ग्रीनलीफ यांच्या कसोटीनुसार शिक्षकांची साक्ष टाळता येत नाही, कारण सेवा पोहोचली की नाही, हे ज्यांच्यासाठी ती केली तेच सांगू शकतात.