मूळ रंगाचा शोध

जुनी उंची मोटार फारच चकाकताना दिसली, की मला तिच्या रंगाची शंका येते. वाचक म्हणतील, रंगात काय एवढे? तर ऐका. १९०७ साली रोल्स-रॉइसने एक गाडी ॲल्युमिनिअमच्या रंगाने रंगवली, तिच्या साजाला चांदीचा मुलामा दिला. रूप रुपेरी आणि चाल भुतासारखी निःशब्द, म्हणून नाव ठेवले ‘सिल्व्हर घोस्ट’!

अशा गाड्यांचा बहुधा सांगाडाच कंपनी देई. वरचा साटा दुसराच कारागीर घडवी आणि गिऱ्हाईक सांगेल त्या रंगात रंगवी. वार्निशाचे थर चढवण्यात आठवडे जात. १९२३ मध्ये झटपट वाळणारे ‘ड्युको’ लॅकर आले, तेव्हा कुठे हे काम आटोपशीर झाले. त्याआधीच्या गाडीला आजची काचेसारखी चकाकी देणे म्हणजे पणजीबाईंना नातसुनेचा शालू नेसवणे!

जुना फोटो पाहावा, तर तोही फसवतो. त्या काळच्या पुष्कळ फिल्मांना तांबडा रंग दिसतच नसे. लाल गाडी काळी उमटे, निळी फिकट.

मग खरी साक्ष कोणाची? दाराच्या बिजागरीमागच्या कोपऱ्याची. तिथे रुपयाएवढी जागा बारीक पॉलिशपेपरने हलकेच घासली, की एकाखाली एक थर दिसतात. अस्तराला लागून असतो तो पहिला रंग.

म्हणून घरात आजोबांची मोटार असेल, तर रंगाऱ्याने पत्रा उघडा करण्याआधी तो कोपरा पाहा. नवा रंग पुन्हा देता येईल. खरवडलेला जुना परत येत नाही.