जुनं पोकलेन घ्यायचंय? सही करण्याआधी एवढं बघू

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या माण-खटाव, जत-आटपाडीकडं बांधबंदिस्ती, शेततळी, ओढ्यातला गाळ काढणं अशी कामं निघतात. त्याच दिवसांत कितीतरी घरांत विषय निघतो, "आई, जुनं पोकलेन स्वस्तात मिळतंय. घेऊया का?" बोलणी मुलगा किंवा मालक करतात. पण कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही आपली लागते, आणि गहाण पडतं ते आपलं सोनं. म्हणून या मशीनचं बरंवाईट आपल्यालाही कळलं पाहिजे.

आधी नावाचं बघू. पोकलेन हे फ्रान्समधल्या एका कंपनीचं नाव. आपण मात्र चेनवर चालणाऱ्या, गोल फिरणाऱ्या कुठल्याही खोदाई मशीनला पोकलेन म्हणतो. जेसीबीचं तसंच. ती इंग्लंडची कंपनी, मालकाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं. पुढं लोडर आणि मागं खोदायचा हात असलेलं चाकाचं पिवळं मशीन म्हणजे आपल्याकडं जेसीबी, मग ते कुठल्याही कंपनीचं असो.

या मशीनचं आपल्या भागाशी नातं जवळचं आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, त्यात कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पहिलं आलं. २०१८ साली माण तालुक्यातलं टाकेवाडी पहिलं आलं. टिकाव-फावडं घेऊन बायाबापड्यांनी श्रमदान केलं, आणि त्याच्या जोडीला मशीनचे तासही लागले. मशीन ताली टाकतं, शेततळं खणतं. गावाला त्याचं कौतुक वाटतं ते उगाच नाही.

जुन्या मशीनची ओढ कशामुळं?

पहिलं कारण किंमत. नव्या मशीनच्या मानानं जुनं बऱ्याच कमी पैशांत येतं.

दुसरं कारण दुरुस्ती. जुन्या डिझेल इंजिनात डिझेलचा पंप साधा, यांत्रिक असतो. सेन्सर नाहीत, कॉम्प्युटर नाही. चाकाच्या नव्या मशीनना एप्रिल २०२१ पासून धुराचे नियम कडक झाले, तेव्हापासून त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक भाग वाढले. बिघाड झाला की कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत थांबावं लागतं. जुनं मशीन मात्र कराड, विटा, मिरजेकडचा जाणता मिस्त्री पाने घेऊन बांधावरच उघडतो. पिन-बुश लेथवर करून मिळतात. जुन्या मॉडेलचे सुटे भागही बाजारात मिळतात.

तिसरं कारण म्हणजे ऑपरेटरचा हात त्यावर बसलेला असतो. ही तिन्ही कारणं खरी आहेत. मुलगा बोलतो त्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू.

मग पैसा जातो कुठं?

सगळ्यात जास्त डिझेलमध्ये. इंजिन आणि हायड्रॉलिक पंप झिजला की तेवढंच काम करायला वेळ जास्त लागतो आणि डिझेलही जास्त लागतं. समजा, जुनं मशीन तासाला फक्त ३ लिटर जास्त पितं. दिवसाला ८ तास आणि महिन्याला २० दिवस काम धरलं, तर ४८० लिटर होतात. ९० रुपये लिटरनं हे महिन्याला ४३,२०० रुपये झाले. मशीन स्वस्त मिळालं म्हणून वाचलेला पैसा असा टाकीतून निघून जातो.

दुसरा खर्च चेनखालचा. चेन, रोलर, स्प्रॉकेट हे भाग आपल्याकडच्या मुरमात आणि खडकात लवकर झिजतात. ते बदलायचे किंवा हायड्रॉलिक पंप उघडायचा म्हटलं, तर खर्च लाखांत जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट हंगामाची. खोदाईचं काम मुख्यतः उन्हाळ्यात. पावसाळ्यात शेतात मशीन जात नाही. कमाई चार-पाच महिने, हप्ते बारा महिने. ऐन एप्रिलमध्ये मशीन आठवडाभर बंद पडलं, तर तेवढ्या दिवसांची कमाई पुन्हा हाती येत नाही.

चौथी गोष्ट धूर. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलचा धूर हे कर्करोगाचं कारण असल्याचं जाहीर केलं. जुनी इंजिनं काळा धूर जास्त सोडतात, आणि तो पहिला जातो ऑपरेटरच्या छातीत. ऑपरेटर म्हणजे बहुतेक वेळा आपलाच मुलगा.

बघायला जाताना

सकाळी जा, आणि इंजिन गार असतानाच चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. गार इंजिन लगेच चालू होतं का, ते बघा. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर असेल तर डिझेल नीट जळत नाही.

बकेट भरून वर उचलायला लावा, आणि तसंच थांबवा. हात आपोआप पटकन खाली येत असेल तर जॅक किंवा व्हॉल्व्ह गळतोय. बकेट हलवून पिनांमध्ये किती खेळ आहे ते बघा. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील तर झीज झाली आहे. तासाच्या मीटरवर विसंबू नका, ते बदलता येतं. गळती शोधायला होज पाइपवर हात फिरवू नका. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं, हात गमवायची वेळ येते.

डिझेलही मोजा. टाकी काठोकाठ भरा, चार तास खरी खोदाई करून घ्या, पुन्हा काठोकाठ भरा. लागलेल्या डिझेलला चारानं भागा. सोबत मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नको.

कागद

चाकाच्या मशीनला आरसी बुक असतं. चेनचं मशीन ट्रेलरवरून नेतात, त्याला बहुधा आरसी नसतं. म्हणून मूळ बिल, मशीनवरचा सीरियल नंबर आणि आधीचं कर्ज फिटल्याचा फायनान्सचा दाखला, हे तिन्ही ताडून बघा. विमा घ्या.

आणि जामीनदार ही नावापुरती सही नव्हे. १८७२ च्या करार कायद्यात, वेगळं काही ठरलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक आपल्या दारात येते.

मैत्रिणींनो, आमचं म्हणणं असं. पुढच्या हंगामाच्या कामाचे तास आधी लिहून काढा, कुणाचं काम, किती तास, काय दर. बारा महिन्यांचे हप्ते, डिझेल, ऑपरेटरचा पगार वजा करा. मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम हाताशी ठेवा. हे करून पैसे उरत असतील तर जुनं मशीन चांगला आधार देतं. उरत नसतील तर यंदाचा उन्हाळा मशीन भाड्यानं आणून कामं घ्या, हिशेब वहीत मांडा, आणि पुढच्या वर्षी ती वही समोर ठेवून ठरवा. तोवर सोनं डब्यातच राहू द्या.