डोकेदुखीची गोळी, गोळीची डोकेदुखी

मंडळी, डोकं दुखलं की आपण सुंठ उगाळून लावतो, कपाळाला फडकं आवळतो, नाहीतर दुकानातून गोळी आणतो. एखादे वेळी ठीक आहे. पण अर्धशिशीच्या कित्येक रोग्यांची गोळी पुढे रोजची होते, सकाळच्या चहाबरोबर! मग गंमत पाहा. अंमल उतरला की डोकं दुखतं, म्हणून पुन्हा गोळी. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले 15 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांवर चालली, तर औषधच दुखण्याचे कारण होऊ शकते. मिश्र गोळ्यांना 10 दिवसही पुरतात.

उपाय म्हणजे गोळी सोडणे. पुष्कळांना हे डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच जमते. पण काही गोळ्या एकदम तोडणे धोक्याचे असते. कुणाच्या वांत्या थांबत नाहीत. अशांना इस्पितळात ठेवून घेतात. पहिले 2 ते 10 दिवस कठीण. डोकं आधीपेक्षा जास्त ठणकतं, झोप लागत नाही. नातेवाईक रागावतात, "इथं आणून दुखणं वाढवलंत की!" त्यांना तरी काय बोलावं? दिसतं तसंच. त्या दिवसांत शिरेतून सलाईन, वांतीवर औषध, आणि अर्धशिशी वरचेवर येऊ नये म्हणून प्रोप्रॅनोलॉल किंवा ॲमिट्रिप्टिलीनसारखे रोजचे औषध देतात. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला चालत नाही. तेव्हा शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्या कामाची नाही.

गुरुजी, अशा माणसाला एक वही घालून द्या. कोणत्या दिवशी दुखलं, किती गोळ्या घेतल्या, एवढंच. डॉक्टर आधी तेच विचारतात.

मात्र डोकं एकाएकी फुटल्यासारखं दुखलं, तापात मान ताठली किंवा हातपाय लुळा पडला, तर वही राहू द्या. मिळेल त्या गाडीने इस्पितळ गाठा.