जुनी स्पोर्ट टूरिंग मोटारसायकल घेताना: पाहावं काय आणि मानावं काय

मागच्या वेळी आपण शब्दप्रमाणापाशी थांबलो होतो. दुसऱ्यानं सांगितलेली गोष्ट आपण खरी कधी मानायची, हा प्रश्न होता. व्याख्यान संपल्यावर मागच्या रांगेतला एक तरुण उठला आणि म्हणाला, "सर, मला जुनी साडेसहाशे सीसीची गाडी घ्यायचीय. मालक म्हणतो, एकदम टकाटक आहे. मानू का?" सभागृह हसलं, आम्हीही हसलो. पण घरी जाताना वाटलं की आम्ही जे दीड तास सांगत होतो, त्याची याहून चोख परीक्षा नाही. म्हणून आजचा दिवस त्या प्रश्नाला देऊ.

आधी एक कबुली. आम्ही इंजिनिअर नव्हे. आमची नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली आणि कॉलेजात जाणं-येणं येझदीवर. गॅरेजच्या बाकड्यावर बसून जे ऐकलं-पाहिलं, तेवढंच आमचं यंत्रज्ञान. पण या विषयात आम्ही एक किंमत मोजलेली आहे, ती सांगतो.

आमच्या एका स्नेह्यांनी काही वर्षांपूर्वी अशीच एक मोठी गाडी घेतली. पाहायला आम्ही सोबत होतो. मालक सज्जन गृहस्थ. चहा झाला, गप्पा झाल्या, गाडी चकाचक पुसलेली. टायरची नक्षी जवळजवळ नवी. "फार चालवलीच नाही हो," मालक म्हणाले, आणि ते खरंच होतं. आम्हीच स्नेह्यांना म्हटलं, घ्या. पहिल्या पावसात वरंधा घाटात एका साध्या वळणावर मागचं चाक सटकलं. खांद्याचं हाड मोडलं, तीन महिने हात गळ्यात. नंतर पाहिलं तर टायर नऊ वर्षांपूर्वीचे निघाले. नक्षी शाबूत, पण रबर लाकडासारखं कडक. मालक खोटं बोलले नव्हते. त्यांना माहीतच नव्हतं, आणि आम्ही विचारलं नाही.

न्यायशास्त्रात आप्त कोणाला म्हणायचं, याच्या दोन अटी आहेत. एक, त्यानं ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी. दोन, जशी जाणली तशीच सांगायची त्याची इच्छा असावी. आपण सगळे दुसऱ्या अटीवर लक्ष ठेवून असतो, माणूस प्रामाणिक आहे ना, एवढंच पाहतो. पहिली अट विसरतो. जुन्या गाडीच्या व्यवहारात लबाड विक्रेत्यापेक्षा प्रामाणिक पण अजाण विक्रेता आपल्याला सहज गाफील ठेवतो, कारण त्याच्यासमोर आपण वाकून टायर पाहत नाही.

आता ही स्पोर्ट टूरिंग गाडी म्हणजे काय, ते थोडक्यात. वेगात वळणं घेण्याची क्षमता आणि दिवसभर बसून पाचशे किलोमीटर जाण्याची सोय, या दोन्हींची सांगड. हँडल थोडं उंच, वाऱ्याला अडवणारं फेअरिंग, सामानाच्या पेट्या लावायची जागा. १९७६ साली बीएमडब्ल्यूनं आणलेल्या आर १०० आरएसपासून या जातीची सुरुवात सांगतात. तिचं फेअरिंग वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेलं होतं. आपल्याकडे २००३ च्या करिझ्मानं लांबच्या प्रवासाची गोडी लावली, २०११ मध्ये होंडाची सीबीआर २५० आर आली, आणि कावासाकीची ६४९ सीसी, दोन सिलिंडरची निंजा ६५० आज जुन्या बाजारात या वर्गात सहज दिसते. आपण डोळ्यांसमोर अशीच गाडी ठेवू.

सुरुवात उपमानापासून करू. गवय कधी न पाहिलेल्या माणसाला सांगतात की तो गायीसारखा असतो. मग रानात तो प्राणी दिसला की ओळख पटते. पण त्यासाठी गाय पाहिलेली हवी ना! तुम्ही ज्या मॉडेलची जुनी गाडी घेणार, त्याच मॉडेलची एक चांगली राखलेली गाडी आधी चालवून या. पहिला गिअर टाकताना होणारा ठक् आवाज त्या जातीचा स्वभाव आहे की बिघाड, हे त्याशिवाय कळणार नाही.

आता प्रत्यक्ष. विक्रेत्याला फोनवर एकच विनंती करा: आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनवर हात ठेवा, सायलेन्सरला जपून. गरम लागलं तर का, ते विचारा. थंड इंजिन खरं बोलतं. ते एका बटणात सुरू होतं का, सुरुवातीची खडखड काही सेकंदांत थांबते का, हे गरम इंजिनात झाकलं जातं.

चावी फिरवल्यावर, बटण दाबायच्या आधी, मीटरवरचे दिवे पाहा. इंजिनचा आणि एबीएसचा दिवा आधी लागला पाहिजे. इंजिनचा दिवा गाडी सुरू झाल्यावर विझतो, एबीएसचा गाडी थोडी पुढे गेल्यावर. जो दिवा विझत नाही तो बिघाड सांगतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण जो दिवा मुळात लागतच नाही, तो जास्त संशयास्पद. कुणीतरी तो झाकला असेल. आपल्याकडे अभाव हा ज्ञानाचा विषय आहे की नाही यावर शतकानुशतकं वाद झाला. इथं त्याचा उपयोग होतो.

पुढचा दांडा बोटानं पुसा. तेलाचा ओला कडा लागला तर ऑइल सील गेलं. पुढचं चाक जमिनीवरून उचलून धरा आणि हँडल अगदी सावकाश फिरवा. बरोबर मध्यावर बारीकसा खटका लागला, तर कोनसेट गेलाय. गाडी बहुतेक काळ सरळ धावते, म्हणून बेअरिंगचे खड्डे तिथंच पडतात. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून मागे ओढून पाहा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन संपली. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले असतील, तर पूर्ण संच बदलावा लागेल आणि तो खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. ब्रेकच्या डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते. ती वाचा आणि मापा.

आणि टायर. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३५१८ असेल तर २०१८ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही छान असो, पाच-सहा वर्षांपुढचा टायर असेल तर आम्ही नव्या जोडीचे पैसे हिशेबात धरतो. आमच्या स्नेह्यांचं हाड याच चार आकड्यांनी वाचलं असतं.

एक साधा मल्टिमीटर सोबत न्या. गाडी बंद असताना बॅटरीवर साडेबाराच्या थोडं वर व्होल्ट दिसावेत, इंजिन चालू करून थोडं फिरवल्यावर चौदाच्या आसपास. आकडा वर चढलाच नाही तर चार्जिंग होत नाही; पंधराच्या पुढे गेला तर रेग्युलेटर बिघडला. रस्त्यात, घरापासून चारशे किलोमीटरवर गाडी बंद पडण्यापेक्षा हे दारात कळलेलं बरं.

आता अनुमान. धुरावरून अग्नी, हे आपलं घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण इथं अक्षरशः सायलेन्सरमधून बाहेर येतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. पण थंडीच्या सकाळी पहिली दोन-चार मिनिटं पांढरं दिसतं, ते बहुधा पाण्याची वाफ असते. वाफेला धूर समजून अग्नी सिद्ध करणं, हा हेत्वाभास आपल्या आचार्यांनीही बजावून ठेवला होता. मात्र इंजिन गरम झाल्यावरही पांढरं येत राहिलं आणि कूलंट कमी होत असेल, तर गॅस्केटची शंका घ्या.

गाडी पडली होती का, हा प्रश्न सगळ्यांत अवघड, कारण फेअरिंग नवं घालता येतं. म्हणून जे कुणी बदलत नाही ते पाहायचं. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून चासीवरची अडकण पाहा. ती चेपलेली किंवा तिचा रंग उडालेला असेल तर जोराचा मार बसलाय. फेअरिंग जिथं अडकवतात ते प्लॅस्टिकचे कान तुटून चिकटवलेत का? फूटरेस्टचं टोक आणि लिव्हरचं टोक एकाच बाजूनं घासलंय का? एका बाजूला मिळून तीन खुणा असतील, तर "स्टँडवरून पडली" हे स्पष्टीकरण पुरत नाही. आपल्या खड्ड्यांमुळे रिमची कड चेपते, म्हणून चाक फिरवून तीही पाहा. टूरिंग गाडीत आणखी दोन जागा आहेत: पेट्यांचं वजन वाहणारी मागची चौकट, तिच्या जोडांपाशी बारीक चीर, आणि जादा दिवे, चार्जर यांच्यासाठी मधेच कापून टेप गुंडाळलेल्या वायरी.

मीटरच्या किलोमीटरबद्दल एक गैरसमज काढू. कमी चाललेली म्हणजे चांगली, हे अनुमान सव्यभिचारी आहे. हायवेवर नियमित चाळीस हजार धावलेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी, सहा वर्षं गोधडीखाली उभ्या असलेल्या पाच हजारांच्या गाडीपेक्षा बरी निघू शकते. उभ्या गाडीत पेट्रोल कुजतं, सीलं सुकतात, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि कमी चालवणारा मालक नेमकं तेच विसरतो. मीटरचा आकडा सर्व्हिसच्या पावत्यांशी ताडून पाहा.

मग शब्दप्रमाण, म्हणजे कागद. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्याशी अक्षरन् अक्षर जुळवा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचं ना हरकत, फॉर्म २८. बाहेरची गाडी स्वस्त दिसते, पण इथं नोंदवताना महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, तो किमतीत मिळवून मगच स्वस्त म्हणा. थकलेली ई-चलनं ऑनलाइन दिसतात. आणि विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस पाहा. वर्षानुवर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीचा बोनस शून्य असेल तर गेल्या वर्षी दावा झाला असेल, किंवा मधे विमा तुटला असेल. यातलं काय झालं, ते विचारायचं. कागद स्वतः बोलत नाही, पण नेमका प्रश्न कोणता विचारावा हे सांगतो.

शेवटी रपेट. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पिळा; इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच प्लेटा झिजल्या. परत आल्यावर बंद करू नका. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत उभी चालू ठेवा. गप्पांच्या नादात हे राहून जातं.

इतकं करूनही एक दोष उरतो, आणि तो गाडीत नसतो. आपण जायच्या आधीच मनात लडाखला पोहोचलेलो असतो. मग खटका लागतो, पण आपण म्हणतो, "एवढं चालायचंच." आमचंही तेच झालं होतं, स्नेह्यांचा आनंद मोडवेना. म्हणून अशा कामाला, ज्याला ती गाडी नको आहे असा एक माणूस बरोबर न्यावा. यादी घरीच लिहावी, आणि इसार त्याच दिवशी देऊ नये.

तर त्या तरुण मित्राला उत्तर. मालकाचं म्हणणं माना, पण तो जे स्वतः जाणतो तेवढंच. ऑइल कधी बदललं, कुठं फिरवली, केव्हा पडली, हे त्याला विचारा आणि ऐका. "टकाटक आहे" हे मात्र त्याचं ज्ञान नव्हे, त्याचं मत आहे. ते तपासायला सकाळी लवकर जा, गाडी थंड असताना. आमची गरज लागली तर आम्ही येऊ, आणि या वेळी पहिल्यांदा टायरपाशी वाकू.

इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ.