जुन्या ट्रॅक्टरची ओढ वाढवायची? मग आधी हे समजून घ्या

१९६३ मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली आणि पुढे कांदिवलीच्या कारखान्यातून ३५ एचपीचे 'बी-२७५' ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. असा जुना ट्रॅक्टर कुणाकडे असेल, तर वसईजवळच्या सातिवलीसारख्या औद्योगिक भागात त्याचा एखादा पार्ट लेथवर बनवून घेता येईल. पण ओढ वाढवायला बदलायचं काय?

सोपी वाटणारी युक्ती म्हणजे पंपाचं सील तोडून डिझेल वाढवणं. पण डिझेल जळायला हवा लागते. हवा तेवढीच राहिली, तर जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन जातं आणि पिस्टन तापतात. टर्बो बसवला तर हवा मिळते, पण दाबही वाढतो. जुनं हेड गॅस्केट आणि बेअरिंग त्या दाबासाठी बनलेली नसतात.

म्हणून सुरुवात दुरुस्तीपासून करावी. झिजलेले लायनर, पिस्टन, रिंगा बदलल्या आणि नोझल तपासले, की गेलेलं कॉम्प्रेशन आणि ताकद परत येते.

चाकं जागच्या जागी फिरत असतील, तर दोष इंजिनाचा नाही, पकडीचा आहे. तिथे मागच्या टायरांत पाणी भरणं किंवा वजनं लावणं कामाला येतं.

साखळी मात्र खालच्या ड्रॉबारलाच लावायची. ती अ‍ॅक्सलच्या वर बांधली, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि मागे चालकावर उलटू शकतो. इंजिनाची ताकद वाढवली, की हा धोकाही वाढतो.