विमानात इन्सुलिन नेताय? मग पॉवर बँकवाला नियम लक्षात ठेवा

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून आता मुंबई, हैदराबाद, बंगळूर गाठणं सोपं झालंय. पण तुम्ही किंवा घरातलं कोणी इन्सुलिन घेत असेल, तर ते विमानात न्यायचं कसं?

पॉवर बँक जिथे, इन्सुलिन तिथे

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. इन्सुलिनही हातातल्या बॅगेतच ठेवा. सामान हरवलं तर डोस चुकतो. शिवाय खालच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही.

छोट्या विमानात कधी कधी हातातली बॅगही दारातच घेऊन खाली ठेवतात. म्हणून पेन, सुया, ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजच्या गोळ्या वेगळ्या पाऊचमध्ये ठेवा. शुगर उतरली तर शेंगदाण्याची चिक्की कामाची नाही. त्यातल्या तेलामुळे साखर रक्तात हळू चढते.

सिक्युरिटी चेक

डॉक्टरांची चिठ्ठी कागदावर ठेवाच, पण तिचा फोटोही फोनमध्ये सेव्ह करा. तो फक्त क्लाउडवर असेल तर नेट नसताना उघडणार नाही. चिठ्ठीत ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही लिहून घ्या, कारण परदेशात ब्रँड बदलतात. दंडावर सेन्सर किंवा कमरेला पंप असेल तर तपासणीआधीच सांगा. स्कॅनरबद्दल प्रत्येक कंपनीच्या सूचना वेगळ्या असतात. शंका असेल तर हाताने तपासणी करायला सांगा.

फ्लाइट मोडची गंमत

फ्लाइट मोड लावला की बऱ्याच फोनमध्ये ब्लूटूथही बंद होतं. मग सेन्सर फोनशी बोलत नाही, आणि झोपेत शुगर उतरली तरी अलार्म वाजत नाही! म्हणून फ्लाइट मोड लावल्यावर ब्लूटूथ पुन्हा सुरू करा. आई घरून ॲपवर तुमची शुगर बघत असेल तर तिला आधीच सांगा, "नेट नसेल, आकडे दिसणार नाहीत, काळजी करू नकोस."

जेवणाआधीचा डोस ताट समोर आल्यावरच घ्या. विमान हलायला लागलं की जेवण वाटणं थांबतं, पण घेतलेलं इन्सुलिन थांबत नाही.

घड्याळ बदलतं, शरीर नाही

दुबईत उतरलात की फोन आपोआप दीड तास मागे जातो. इथे रात्री ९ ला लावलेला अलार्म तिथल्या ९ ला, म्हणजे आपल्या साडेदहाला वाजेल. लंडनला हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा होतो. पंपाचं घड्याळ मात्र बहुतेक वेळा हातानेच बदलावं लागतं. त्यामुळे लांबच्या प्रवासाआधी डोसच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या. हे काम ॲपवर सोडू नका.

घरात कोणी इन्सुलिनवर असेल तर ही माहिती त्यांना आजच पाठवा.